कठडा मागाहून बसवू

लातूर किंवा नांदेडच्या कोणत्याही नव्या वसाहतीतून सायंकाळी फेरफटका मारावा, एक दृश्य हमखास दिसते. घराला रंग लागलेला आहे, दारावर तोरण आहे, वास्तुशांती होऊन वर्ष लोटले आहे. परंतु गच्चीवर जाणारा जिना मात्र एका बाजूने उघडाच आहे. कठड्यासाठी सोडलेल्या लोखंडी सळया गंजत उभ्या आहेत आणि त्यांना बांधलेल्या दोरीवर कपडे वाळत आहेत. विचारले तर उत्तर ठरलेले असते : "वरचा मजला चढवायचा आहे ना, कठडा मागाहून बसवू."

हे 'मागाहून' कोठून येते ते अंदाजपत्रकात स्पष्ट दिसते. गृहकर्जाची रक्कम पाया, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांनी हाती येते. कठड्याचे काम फरशी आणि रंगाच्या जोडीने अगदी शेवटी धरलेले असते. तोवर ग्रॅनाइटच्या ओट्याने आणि दिवाणखान्याच्या सुशोभित छताने पुढची रक्कम खाऊन टाकलेली असते. मुहूर्त तोंडावर येतो. छत पाहुण्यांना दिसते, त्याची वाहवा होते. कठडा आहे की नाही, हे कोणी तोल जाईपर्यंत पाहत नाही.

मराठवाड्याला उंचावरचा वावर नवा नाही. जुन्या घरांचे माळवद म्हणजे लाकडी तुळया, वर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात सारे घर त्यावर झोपे, कुरडया-पापड तेथेच वाळत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात ही जड माळवदे आणि दगडमातीच्या रुंद भिंती झोपेतल्या माणसांवर कोसळल्या, आणि हजारो जीव गेले. त्यानंतर या भागाने सिमेंटच्या स्लॅबवर भरवसा ठेवला, तो योग्यच होता. मात्र स्लॅबच्या कडेला साडेचार इंची विटांची भिंत नुसती रचून ठेवण्याची पद्धत पडली. अशी भिंत माणसाला अडवते खरी. परंतु खालच्या स्लॅबशी तिचे काही नाते नसते. धक्का बसला की घराच्या इतर भागांआधी तीच बाहेर कोसळण्याची भीती असते, आणि तिच्याखाली नेमके रस्त्यावर धावत आलेले लोक उभे असतात. २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात झालेल्या भूकंपाचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले, तेव्हा हा प्रश्न जुना झालेला नाही. आपल्याकडच्या कठड्याला दोन कामे आहेत : माणसाला पडू न देणे आणि स्वतः न पडणे. त्यासाठी स्लॅबमधून वर आणलेल्या सळयांचे छोटे खांब आणि भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा सलग पट्टा हवा. भिंतीच्या बुडाशी आडवी भेग दिसत असेल, तर तिच्यावर रंगाचा हात फिरवून भागणार नाही.

राष्ट्रीय इमारत संहितेची अपेक्षा फार मोठी नाही. निवासी जिन्याची पायरी १९० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी, एका सलग चढात पंधरांहून अधिक पायऱ्या नसाव्यात आणि कठडा पायरीच्या मध्यापासून मोजून सुमारे एक मीटर उंच असावा. गच्चीचा कठडाही प्रौढ माणसाच्या कमरेच्या वर यावा, कारण कमरेखालचा कठडा अडवण्याऐवजी तोल पलीकडे नेतो. येथे एक चूक वारंवार घडते. वेल्डर कठडा बसवून जातो, मग गच्चीवर पाणी गळू नये म्हणून थर चढतो, त्यावर फरशी येते आणि कठड्याची उंची तीन-चार इंचांनी आपोआप घटते. माप नेहमी तयार फरशीपासून घ्यावे.

हल्ली स्टीलचे चार-पाच आडवे पाइप लावण्याची आवड आहे. दिसायला सुबक, पण तीन वर्षांच्या मुलासाठी ती शिडीच होय. उभ्या गजांचा कठडा जुन्या वळणाचा वाटला तरी मुलाला त्यावर पाय ठेवता येत नाही. इंग्लंड व अमेरिकेतील नियमांत साधारण १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा गजांमधून आरपार जाता कामा नये, अशी कसोटी आहे. लहान मुलाचे डोके अडकू नये वा शिरू नये, एवढाच तिचा अर्थ.

ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे गच्चीवरच्या टाकीत डोकावणे हे घरातील वडीलधाऱ्यांचे नित्यकर्म झाले आहे. सकाळी नळ येतो तेव्हा अजून पुरते उजाडलेले नसते, पायात स्लिपर असते आणि एका हातात पाइप असतो. जिन्याला कठडा असलाच, तर तो ग्रॅनाइट बसवलेला, वीतभर रुंद, मुठीत न मावणारा असतो. कठडा पडू देत नाही. परंतु तोल गेल्यावर सावरण्यासाठी बोटे पूर्ण वळतील असा गोल पाइपच लागतो. ३८ ते ४५ मिलिमीटर जाडीचा पाइप, भिंतीपासून दोन इंच सुटा आणि पहिल्या व शेवटच्या पायरीच्या पुढे सुमारे ३०० मिलिमीटर गेलेला, ही रचना अपंग व वृद्धांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितली आहे. पुष्कळ जण शेवटच्या पायरीलाच फसतात, कारण पाइप तिच्याआधीच संपलेला असतो.

मंदिरांच्या रुंद पायऱ्यांवर तर कडेचे पाइप असूनही उपयोग नसतो. पूजेची थाळी हाती घेतलेली वयस्कर स्त्री मधूनच चढते; तिला आधार मध्यभागी हवा. कुंथलगिरीसारख्या टेकडीवरच्या क्षेत्री जाताना ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. ईर्यासमितीने चालणाऱ्याची दृष्टी पायांखालच्या भूमीवर असते. त्याच्या हाताला आधार देण्याचे काम मंदिर बांधणाऱ्याचे आहे.

उत्सवाच्या तात्पुरत्या व्यासपीठांविषयी मात्र समाजाने अधिक कठोर व्हायला हवे. २८ जानेवारी २०२५ रोजी उत्तर प्रदेशातील बागपत जिल्ह्यात, बडौत येथे निर्वाण लाडू अर्पण करण्याच्या सोहळ्यात मानस्तंभाजवळ उभारलेली लाकडी मचाण कोसळली. किमान सात जणांचा मृत्यू झाला आणि अनेक जखमी झाले. सोहळा भक्तीचा होता, गर्दी ओळखीच्यांची होती. आपल्याकडचे मंडपही बहुधा बांबू आणि फळ्यांचेच असतात. त्यांच्या कडेला जरीचा पडदा लावला की तो कठड्यासारखा दिसतो, आणि पाठमोरा माणूस त्यावर निःशंक रेलतो. मंगल कार्यालयातील व्यासपीठाची मागची कड तर कोणी पाहतच नाही. सामूहिक छायाचित्रासाठी "जरा मागे सरका" असे सांगितले की मागच्या रांगेतील खुर्ची आणि पोकळी यांत केवळ पडदा उरतो. तेथे आडवा पाइप बांधला आहे काय आणि मंचावर एका वेळी किती माणसे चढू द्यायची, हे मंडपवाल्याकडून लिहून घेण्यात संकोच कसला?

लातूरच्या डाळमिलांतही उंचावरची कामे थोडी नाहीत. चाळण्या व यंत्रे लोखंडी मंचांवर असतात, आणि डाळीच्या भुशाने पत्रा गुळगुळीत होतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३२ व्या कलमात जिन्यांना आणि मार्गांना आवश्यक तेथे भक्कम कठडे असावेत, असे म्हटले होते. भारतीय मानक ४९१२ तर याच विषयासाठी आहे. कमरेशी एक पाइप, गुडघ्याशी दुसरा आणि मंचाच्या कडेला पाय व हत्यारे खाली जाऊ नयेत म्हणून उभी पट्टी, एवढे साधन पुरते. वरून पडणारा बहुधा मालक नसतो, म्हणूनच हा खर्च लांबत जातो.

घराच्या जिन्यापुरते बोलायचे, तर वरचा मजला चढवायचा असल्याची सबब टिकत नाही. पायऱ्यांच्या कडेला बोल्टने आवळलेला साधा लोखंडी कठडा वेल्डर थोड्या दिवसांत उभा करतो. पुढे मजला चढला की बोल्ट सैल करावेत आणि तोच कठडा वरच्या जिन्याला न्यावा.