सात रकान्यांचा कागद

(द्वितीय वर्ष कला, इतिहास)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाने वंशावळ कशी काढावी, याचा तीन दिवसांचा वर्ग घेतला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. इतिहास विषय घेतला म्हणजे अशा ठिकाणी गेलेच पाहिजे, अशी माझी प्रामाणिक समजूत; म्हणून गेले. पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या हाती एक छापील कागद पडला. त्यावर सात पिढ्यांचे सात रकाने होते. शेजारच्या गृहस्थांनी पिशवीतून आपल्या घराण्याचा जाडजूड कुलवृत्तान्त काढला आणि पाच मिनिटांत कागद भरून टाकला. मी वडील, आजोबा, पणजोबा असे तीन रकाने भरले आणि पेन खाली ठेवले. पुढे कोरा कागद!

कॉलेजात ही हकिगत सांगितली तेव्हा माझ्या एका पुरोगामी मित्राने मला फैलावर घेतले. "वंशावळ म्हणजे कुळाचा टेंभा. जात मोडायची की तिची मुळे शोधत बसायचे?" असा त्याचा सवाल. त्यात तथ्य नाही असे नाही. वंशावळींनी आजवर बहुधा मोठ्यांचा मोठेपणाच सांगितला. पण आज वंशावळीची खरी निकड कोणाला आहे? ज्यांच्या घरी कुलवृत्तान्त आहे त्यांना नव्हे. ती आहे तहसील कचेरीबाहेर झाडाखाली बसलेल्या माणसांना. जातपडताळणीसाठी अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 या तारखांआधीचा पुरावा मागतात. त्या पुराव्यावरचा माणूस आपला कोण, हे दाखवायला वंशावळ लागते. म्हणजे ज्यांच्या पूर्वजांना अक्षर शिकू दिले नाही, त्यांच्याच नातवंडांनी पूर्वजांचा कागद आणायचा!

आमची गोष्ट आणखी निराळी. आमचे मूळ गाव उजनीच्या पाण्यात आहे. 1980 साली धरण पुरे झाले आणि भीमेकाठची गावे यशवंतसागराखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते. त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत छापून येतात, लोक होडीने बघायला जातात. आमच्या गावचे असे काही वर येत नाही. घरे मातीची होती, ती मातीत मिळाली. प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यासाठी वंशावळ लागते म्हणून वडिलांनी एका कचेरीत पाच खेपा घातल्या, पाच दिवसांची मजुरी बुडवली. जुन्या शाळेचा निर्गम उतारा, फेरफार, कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14 यांतल्या नोंदी कुठे शोधायच्या, हे त्यांना कोणी धड सांगितले नाही. मला ते कळले वाचनालयाच्या वर्गात, दुसऱ्या दिवशी, अर्ध्या तासात आणि फुकट. वाचनालय हे कथा-कादंबऱ्या बदलून आणण्याचेच ठिकाण, असे मी तोवर मानत होते. त्या अर्ध्या तासाने माझे मत बदलले.

आपल्याकडे वाचनालयांची परंपरा लहान नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर 1850 चे. 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळू लागले. एवढे जाळे असताना गावाच्या इतिहासासाठी प्रत्येक वाचनालयात एक कपाट असू नये? मोडीचेच पाहा. आपल्या जुन्या नोंदी ज्या लिपीत आहेत ती लिपी आपल्यातल्या किती जणांना वाचता येते? 2023 साली मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी जाणणारे हुडकावे लागले. तालुक्याच्या वाचनालयात वर्षातून एक मोडीचा वर्ग भरला, तर ही पाळी पुन्हा येणार नाही.

परंतु केवळ कागदावर भिस्त ठेवून आमचे भागणार नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरे गोळा करीत. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने त्यांनी ती छापली. पहिला खंड 1898 चा. त्यांच्यापुढे नतमस्तक व्हावे असेच ते काम आहे. पण दप्तरे वाड्यांत असतात, पालात आणि झोपडीत नसतात. आमची साधने माणसांच्या तोंडी आहेत. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी दारी येऊन घराण्याच्या पिढ्या सांगतो आणि धान्य घेऊन जातो. गी पॉयट्वाँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या कामातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. कधी शाळेत न गेलेल्या बायांचा तो इतिहास आहे.

हे सुचले ते त्या कागदामुळेच. रात्री घरी पुन्हा तो उघडला तेव्हा ध्यानात आले, की सात रकान्यांत एकाही बाईला जागा नाही. आजीला तिच्या आईचे नाव विचारले. ती हसली, म्हणाली, "आगं, आजवर कुनी इचारलंच न्हाई." मग तिने सुपातले ज्वारीचे दाणे जमिनीवर मांडून मला आमचे बुडालेले गाव दाखवले. ही वेस, हा मारुती, हा पारावरचा लिंब, ही आपली आळी. कोणत्या घरातली माणसे उठून कोणत्या वसाहतीत गेली, तेही तिने सांगितले. मी ते वहीत उतरवून घेतले. तिसऱ्या दिवशी वाचनालयात दाखवले तर उत्तर मिळाले, "छान आहे, पण हे छापील नाही, दाखल कुठे करणार?"

माझे भांडण आहे ते या उत्तराशी. छापील नाही म्हणून ते खोटे ठरत नाही. आजीच्या स्मरणात चूक असेल, तर ती दुसऱ्या म्हातारीच्या सांगण्याशी आणि फेरफाराशी ताडून पाहावी. कागदही आपण तसाच तपासतो. महिन्यातून एक दुपार वाचनालयाने जुन्या माणसांसाठी ठेवावी, त्यांचे बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे आणि तारीख घालून जपावे. कागदावर आईकडच्या पिढ्यांनाही रकाने द्यावेत. आणि कोणाचीही वंशावळ त्याच्या संमतीवाचून इतरांपुढे ठेवू नये. कारण नात्यांची माहिती वादालाही कारण होते, आणि ज्याच्या कागदावर बापाचे नाव नाही त्याची मान खाली जाता कामा नये. माझ्या मित्राच्या सवालाला माझे उत्तर हेच. वंशावळ टेंभा मिरवण्यासाठी काढू नये. पण हक्काचा दाखला आणि विसरलेली आई परत मिळवण्यासाठी ती जरूर काढावी.

एक कबुली देते. आमच्या वसाहतीत एक तात्या होते. जुन्या गावचे घर अन् घर त्यांना तोंडपाठ. बारावीच्या वर्षी ते ओट्यावर बसून सांगत आणि मी अभ्यासाचे निमित्त करून आत जाई. गेल्या पावसाळ्यात ते गेले. माझ्या कागदावरचा चौथा रकाना कदाचित त्यांनीच भरला असता.

मैत्रिणींनो, मित्रांनो, आपल्यापैकी पुष्कळजण माझ्यासारखेच घरातले पहिले आहेत. आपण शिकलो तो खर्च घरच्यांनी सोसला; त्याची थोडी परतफेड करता येईल. येत्या सुट्टीत एक शंभर पानी वही घेऊन घरी जा. आधी आजीला तिच्या आईचे नाव विचारा. मग ती वही घेऊन आपापल्या वाचनालयात जा, आणि ती दाखल करून घेईपर्यंत तिथून उठू नका. मीही उठणार नाही.