यंत्र आमचें, सत्ता कोणाची?

निरवांगीसारख्या गांवांत बारावीचा निकाल लागला कीं घराघरांतून एकच विचार सुरू होतो: मुलाला किंवा मुलीला पुढें शिकवावयाचें तर लॅपटॉप घेऊन द्यावयास हवा. मग तें मूल बारामतीस जावो कीं पुण्यास. पूर्वीं बाहेरगांवीं शिकावयास निघालेल्या विद्यार्थ्याबरोबर ट्रंक आणि वळकटी असे. आज पाठीवरच्या पिशवींत तें चपटें यंत्र असतें. ह्यांत वावगें कांहींच नाहीं. प्रस्तुत लेखकासहि ह्या यंत्रांचें वेड लहानपणापासून आहे. नवा लॅपटॉप बाजारांत आला कीं त्याचा प्रोसेसर कोणता, पडदा कसा, बिजागरी बळकट कीं तकलादू, हें पाहिल्याखेरीज माझें समाधान होत नाहीं. तथापि हें वेड जुनें होत गेलें तसतसा एक विचार मनांत पक्का होत चालला आहे. तो असा कीं, यंत्र विकत घेतलें म्हणजे तें आपल्या मालकीचें झालें, ही आपली समजूत अर्धीच खरी आहे.

प्रथम पैशाचा विचार करूं. कामापुरता बरा लॅपटॉप घ्यावयाचा तर चाळीस हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. शहरांतील नोकरदारास ही रक्कम कदाचित् मोठी वाटणार नाहीं. परंतु नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या घरांत तिचें माप निराळें आहे. 2025-26 च्या हंगामासाठीं केंद्र सरकारनें 10.25 टक्के साखर उताऱ्यास क्विंटलमागें 355 रुपये असा उसाचा रास्त व किफायतशीर दर ठरविला. त्या हिशेबानें चाळीस हजार रुपये म्हणजे अकरा टनांहून अधिक ऊस, आणि तोहि तोडणी-वाहतुकीची वजावट होण्यापूर्वींचा. एकरीं चाळीस टन पीक धरलें तर पाव एकराहून अधिक फड एका यंत्रापायीं खर्चीं पडतो. इतक्या कष्टाची वस्तु किती वर्षें टिकावी, हा प्रश्न आईबापांनीं विचारला तर त्यांस अडाणी म्हणतां येणार नाहीं.

आतां हें यंत्र चालवितो कोण? ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कार्यप्रणाली हाच त्याचा कारभारी. कळ दाबली असतां पडद्यावर अक्षर कसें उमटावें, फाइल कोठें ठेवावी, छपाईचें यंत्र ओळखावें कीं नाहीं, हा सारा कारभार तिच्याकडे. सवाई माधवराव गादीवर होते, पण कारभार नाना फडणीसांच्या हातीं होता, तसाच हा प्रकार. यंत्राचे धनी आपण. कारभारी मात्र दूरच्या कंपनीचा नोकर. विद्यार्थी प्रवेशाचा अर्ज भरावयास बसतो, मुदतीचा शेवटचा तास चालू असतो, आणि नेमकी त्याच वेळीं प्रणाली स्वतःची दुरुस्ती करावयास घेते. पडद्यावर चक्र फिरत राहतें आणि धनी हात जोडून बसतो! ज्यानें हें एकदां अनुभविलें, त्यास सत्ता कोणाची हें निराळें सांगावयास नको.

परंतु हा त्रास घटकाभराचा. खरा प्रश्न यंत्राच्या आयुष्याचा आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 29 जुलै 2015 रोजीं बाजारांत आणलेल्या विंडोज 10 ह्या प्रणालीचा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजीं संपला. तिच्या मागून, 5 ऑक्टोबर 2021 रोजीं, विंडोज 11 आली. तिला किल्ल्या व सांकेतिक शब्द जपणारी टीपीएम 2.0 नांवाची सुरक्षा-सोय यंत्रांत असावी लागते, आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वींच्या जवळजवळ सर्व प्रोसेसरांना तिच्या यादींत स्थान नाहीं. म्हणजे पडदा स्वच्छ, कळा शाबूत, प्रोसेसर धडधाकट, आणि तरीहि यंत्र बाद!

कंपनीचें म्हणणें सर्वस्वीं चुकीचें आहे, असा माझा आरोप नाहीं. ज्या प्रणालीच्या भेगा बुजविणारा कोणी उरला नाहीं, तिच्यावर बँकेचे व्यवहार करणें म्हणजे कडी मोडलेल्या घरांत दागिने ठेवण्यासारखें आहे. नवी सोय सुरक्षेच्याच कामाची आहे. कंपनीनें घरगुती ग्राहकांसाठीं सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी वर्षभर पुरविण्याची योजनाहि जाहीर केली. तरी मूळ मुद्दा राहतोच. नांगराचा फाळ झिजला तर शेतकरी फाळ बदलतो, नांगर टाकून देत नाहीं. 1910 सालीं वसलेल्या किर्लोस्करवाडीचे लोखंडी नांगर आपल्या आजोबा-पणजोबांनीं घेतले. ते किती वर्षें चालवावे हें त्यांचें त्यांनींच ठरविलें. लॅपटॉपच्या बाबतींत तो निर्णय आपण न कळत दुसऱ्याच्या हातीं दिला आहे.

ह्यावर उपाय आहे, आणि तो आजचा नव्हे. 1991 सालीं हेलसिंकी विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टोरव्हाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें लिनक्स ह्या प्रणालीच्या गाभ्याचा आरंभ केला आणि त्याची रचना सर्वांस पाहण्यास व सुधारण्यास खुली ठेवली. त्या गाभ्याभोंवतीं जगभरच्या लोकांनीं अनेक प्रणाली उभ्या केल्या. आपल्या देशांत सी-डॅक ह्या सरकारी संस्थेनें ‘बॉस’ नांवाची प्रणाली तयार केली आहे. केरळांतील शाळांना ‘काईट’ ही तेथील संस्था लिनक्सवर आधारलेली प्रणाली पुरविते. ह्यांकरितां परवान्याचें शुल्क पडत नाहीं, आणि कित्येक जुन्या यंत्रांवर त्या सुखानें चालतात.

मीं हा प्रयोग दहा वर्षांच्या एका लॅपटॉपवर निरवांगीच्या घरींच केला. आधीं सर्व कागदपत्रांची नक्कल दुसरीकडे काढून ठेविली. मग जुनी फिरती हार्ड डिस्क काढून तिच्या जागीं एसएसडी बसविली, आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहिलें. अशा रीतीनें यंत्रांतील कांहीं न पुसतां प्रणालीची परीक्षा घेतां येते, हा तिचा मोठा गुण. वायफाय प्रथम चालेना; तेव्हां भ्रमणध्वनि तारेनें जोडून त्याचें इंटरनेट लॅपटॉपला दिलें आणि उणीव भरून काढली. एक संध्याकाळ गेली, पण जें यंत्र भंगारांत जावयाचें तें आज घरांतील धाकट्या मुलांच्या अभ्यासास येत आहे.

ह्या मार्गांतहि अडचणी आहेत, त्या झांकून ठेवणें बरें नव्हे. टॅली किंवा ऑटोकॅड ज्यास शिकावयाचें, त्यास नुसत्या लिनक्सवर भागविणें कठीण. कांहीं छपाईयंत्रें लिनक्सला दाद देत नाहींत. म्हणून प्रत्येकानें उद्यांच प्रणाली बदलावी, असा माझा आग्रह नाहीं. बदलतां येते एवढें ठाऊक असावें, हा आग्रह आहे.

मराठी लिहिणारांनीं तर हें विशेष ध्यानांत घ्यावें. एके काळीं संगणकावरील मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटांच्या निरनिराळ्या संकेतांत लिहिला जाई. यंत्र बदललें, फाँट गेला, कीं त्या लेखाच्या जागीं निरर्थक चिन्हांची रांग उरे. 1991 सालच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरीस स्थान मिळालें, आणि आज इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोजवरहि आहे व लिनक्सवरहि आहे. जो युनिकोडांत लिहितो, त्याचें लेखन एका यंत्राचें वा एका कंपनीचें बंदी राहत नाहीं. मालकी म्हणतात ती ही.

विद्यार्थिमित्रांनो, नवा लॅपटॉप घेण्याचा प्रसंग आला तर रंग आणि जाहिरात पाहण्यापूर्वीं दुकानदारास चार प्रश्न विचारा. ह्याची मेमरी पुढें वाढवितां येईल, कीं ती पटावरच पक्की जोडलेली आहे? बॅटरी बदलतां येईल काय? हिच्यांतील प्रणालीस कोणत्या सालापर्यंत आधार मिळेल? आणि त्यानंतर दुसरी प्रणाली घालतां येईल काय? उत्तर देतांना दुकानदार अडखळला तर दुसरें दुकान पाहा. आणि घरांत जुनें यंत्र पडून असेल, तर तें टाकून देण्यापूर्वीं एक संध्याकाळ त्यास द्या. अकरा टन उसाच्या मोलाची वस्तु निकामी झाली कीं नाहीं, हें ठरविण्याचा पहिला हक्क ज्यानें तो ऊस पिकविला त्याच्या घराचा आहे. आणि तो हक्क बजावावयाचा तर घरांतील शिकलेल्या मुलानें यंत्र नुसतें चालवून भागणार नाहीं, तें समजून घेतलें पाहिजे.