परिशिष्टात कोंबलेलं काम

तुम्ही हा मजकूर बहुतेक फोनवर वाचताय. म्हणजे या क्षणी तुमच्यासमोर कुणीतरी काढलेली अक्षरं आहेत. इतक्या बारीक आकारात ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे दिसावेत, ‘द्ध’च्या पोटातली जागा बुजू नये, ‘दुसऱ्या’मधला अर्धा र नीट टेकावा, म्हणून कुणीतरी महिनोन्‌महिने खपलेलं असतं. हे संशोधन आहे का? माझं उत्तर हो. आपल्या विद्यापीठांचं उत्तर असं की आधी दोनशे पानं आणा, मग बघू.

मी कला आणि डिझाइनच्या पदव्युत्तर आणि पीएच.डी. करणाऱ्या मुलांची गाईड आहे. आणि माझा राग मुलांवर नाही, आम्हा गाईड लोकांवर आहे.

1993 साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधल्या ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी एका छोट्या निबंधात तीन गोष्टी वेगळ्या केल्या: कलेविषयीचं संशोधन, कलेतून होणारं संशोधन आणि कलेसाठीचं संशोधन. पहिलं आपल्याला छान जमतं. अमुक चित्रकाराचा कालखंड, तमुक शैलीचा उगम. दुसरं म्हणजे काम करता करताच प्रश्न सापडणं, आणि कामातूनच त्याचं उत्तर शोधणं. आपल्याकडे प्रवेश या दुसऱ्याच्या नावाने होतो आणि परीक्षा पहिल्याची घेतली जाते. लग्न एकीशी ठरवायचं आणि पंगत दुसरीच्या मांडवात, असला प्रकार.

माझ्या एका विद्यार्थिनीचा विषय होता स्वस्त फोनच्या पडद्यासाठी देवनागरी अक्षरं. तिने एकाच शब्दाची चाळीसेक रूपं काढली, ती जुन्या फोनवर टाकली आणि एसटीत, उन्हात, लोकांच्या हातात देऊन वाचायला लावली. तिच्या हाती आलं ते असं: ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांसारख्या गर्दीच्या अक्षरांत रेषा जिथे एकमेकींना भेटतात तेवढ्याच जागा बारीक केल्या, तर पोट उघडं राहतं. पण तेच जरा जास्त झालं की ते अक्षर शेजाऱ्यांमध्ये फिकट पडतं, आणि ओळीत भोक पडल्यासारखं दिसतं. ही ‘जरा जास्त’ची रेघ नेमकी कुठे आहे, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. ते चाळीस रूपांच्या मधे कुठेतरी होतं. समितीने विचारलं, हायपोथिसिस काय? थिअरॉटिकल फ्रेमवर्क कोणतं? मग तिने एका फ्रेंच तत्त्वज्ञाचं प्रकरण घातलं. ती चाळीस रूपं गेली ‘परिशिष्ट क’मध्ये, एका पानावर सहा, टपाल तिकिटाएवढी. म्हणजे जे शोधलं तेच वाचता येईना.

हे कुणा एका समितीचं वाकडेपण नाही. नियमच तसे घडलेत. यूजीसीच्या 2022च्या नियमांनुसार गाईड व्हायला पीएच.डी. लागते, शिवाय समीक्षित नियतकालिकांत प्राध्यापक-सहयोगी प्राध्यापकाचे किमान पाच आणि सहायक प्राध्यापकाचे किमान तीन शोधनिबंध. त्यात एकही प्रदर्शन, वापरात असलेला एकही फॉन्ट धरला जात नाही. 2018च्या वाङ्मयचौर्याच्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, पण ते मोजणारं सॉफ्टवेअर वाक्यं मोजतं. रेषा चोरली तर त्याला पत्ताही लागत नाही. शेवटी ‘शोधगंगा’वर चढते ती पीडीएफ. मूळ काम कुठल्यातरी पेन ड्राइव्हमध्ये राहतं, आणि पेन ड्राइव्हचं आयुष्य तुम्हाला माहीत आहेच.

आता दुसरी बाजू, कारण तिच्यावरही माझा तितकाच राग आहे. कला महाविद्यालयांत एक पंथ आहे: काम बोलतं, लिहायचं कशाला? हातच्या कांकणाला आरसा कशाला? अहो, कांकण तुमच्या हातात आहे, म्हणून तुम्हाला दिसतं. पुढच्या मुलीला ते कसं घडलं हे कुठून कळणार? र. कृ. जोशींनी केलेला ‘मंगल’ फॉन्ट विंडोजमधून घरोघरी पोचला. त्यातले कितीतरी निर्णय अक्षराकडे बघून ताडता येतात. पण टाकून दिलेले पर्याय कुठल्याही फॉन्टमध्ये दिसत नाहीत. संशोधन आणि नुसतं चांगलं काम यांच्यातला फरक तिथे आहे. फसलेली रूपं तारीख घालून ठेवणं, ती का टाकली हे त्याच संध्याकाळी दोन ओळींत लिहिणं, हे टाळणाऱ्याने खुशाल उत्तम कलाकार व्हावं, पीएच.डी. मागू नये.

आणि त्या दोन ओळी मराठीत का नकोत? जिची अक्षरं मराठी, जिचे वाचक एसटीतले, जी गुरुजींच्या तोंडून ‘गाठ’, ‘काना’, ‘वेलांटी’, ‘पोट’ ऐकत शिकली, तिला इंग्रजीत ‘इंटरोगेट’ आणि ‘प्रॉब्लेमटाइज’ करायला लावून आपण काय मिळवतो? तिची नोंदवही मी वाचली आहे. तिथे ती नेमकी होती. प्रबंधात ती धुक्यात शिरली, आणि तिला धुक्यात ढकलणारे हात गाईड लोकांचे असतात. गाईडला स्टुडिओत जायला वेळ नसतो, मेलवर आलेला मसुदा मात्र लाल करता येतो. एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठ पीएच.डी.चे विद्यार्थी असू शकतात. त्या आठांच्या टेबलांपाशी महिन्यातून एकदा तरी उभं राहता येत नसेल, तर आठ घेऊ नयेत.

माझी मागणी फार मोठी नाही. सिनॉप्सिसमध्ये पहिलं पान कामाचं असावं. समितीवर पीएच.डी. नसलेला पण तो धंदा हाताने केलेला एक माणूस बसवावा, मग तो छापखान्यातला असो की कुंभारवाड्यातला. आणि व्हायवाच्या दिवशी टेबलावर तीन जुने फोन ठेवावेत, परीक्षकांनी चष्मा काढून आधी ते वाचावेत, मग प्रबंध उघडावा. या शेवटच्या गोष्टीला तर जीआरही लागत नाही.