कापसाला काटा, तर लोखंडालाही काटा



व्यापारी कापूस मुठीत दाबतो आणि म्हणतो, "ओला आहे." तेवढ्या एका शब्दावर भाव पडतो. आता आपण ऐकून घेत नाही. मशीन लाव, ओलावा किती टक्के ते दाखव, असे म्हणतो. सीसीआयच्या केंद्रावर ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव आणि १२ टक्क्यांवर खरेदी नाही, हे पोराटोरांनाही पाठ आहे. मग तोच शेतकरी रस्त्यावर पोलिसाने हात दाखवताच मुका का होतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्यात पोलिसांना मोठे अधिकार आहेत, ते नाकारू नका. गणवेशातल्या पोलिसाने मागितले की लायसन्स दाखवावेच लागते. लायसन्स किंवा नोंदणी नसेल तर गाडी अडकवून ठेवता येते. पण या अधिकारांना कायद्याने पुराव्याची वेसण घातली आहे.

गाडी भरधाव होती असे एका साक्षीदाराला नुसते वाटले, तर कलम १८३ प्रमाणे तेवढ्यावर शिक्षा होत नाही. त्याच्या अंदाजाला यंत्राचा आधार लागतो. दारूचा गुन्हा तोंडाच्या वासावर ठरत नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल तपासणीत दिसले पाहिजे. दारूसाठी अटक केली तर दोन तासांत डॉक्टरी तपासणी व्हावी लागते, नाही तर माणूस सोडावा लागतो. लायसन्स ठेवून घेतले तर पोच द्यावी लागते. आणि पावतीशिवाय घेतलेल्या पैशाला दंड म्हणत नाहीत, त्याचे नाव तुम्हाला माहीत आहे.

ओव्हरलोडचेही तसेच. संशय आला तर अधिकाऱ्याने गाडी काट्यावर न्यायला सांगायची, असे कलम ११४ सांगते. काटा पुढच्या वाटेवर १० किलोमीटरच्या आत हवा, किंवा माल जायच्या ठिकाणापासून २० किलोमीटरच्या आत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २० हजार रुपये, वर जादा टनामागे २ हजार. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवायची नाही. काट्यावर जायला नकार दिला तर ४० हजार. आणि दोषी फक्त चालवणारा नव्हे, तशी गाडी चालवायला लावणाराही. म्हणजे कायद्याचा हात बिचाऱ्या ड्रायव्हरवर थांबत नाही, मालकापर्यंत पोचतो.

हाच कायदा आपल्या कापसाच्या गाडीला आणि हाच सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकला. एटापल्ली, आलापल्ली, आष्टीच्या ज्या रस्त्याने खनिज उतरले, त्याच रस्त्याने एसटी जाते, शाळेची पोरे जातात. जानेवारी २०१९ मध्ये गुरुपल्लीजवळ ट्रक आणि एसटीची धडक झाली, प्रवासी दगावले. संतापलेल्या लोकांनी ट्रक पेटवले. राग खरा होता. पण जळालेला ट्रक काट्यावर चढत नाही. जाळपोळ झाली की ट्रकमध्ये माल किती होता हा प्रश्न मागे पडतो आणि ट्रक कोणी जाळला हा पुढे येतो.

खनिजावर सरकार टनाच्या हिशोबाने स्वामित्वधन घेते. म्हणजे वजन कुठेतरी कागदावर आहेच. तो कागद आणि ट्रकची नोंदलेली क्षमता शेजारी ठेवून पाहा, एवढेच आपले मागणे आहे.

त्यासाठी दगड नको, वही हवी. ट्रकचा नंबर, तारीख, वेळ, ठिकाण लिहा. ग्रामसभेत ठराव करा. परिवहन कार्यालय आणि पोलीस ठाण्यात अर्ज देऊन पोच घ्या. किती गाड्या काट्यावर घेतल्या, किती टन उतरवले, हे माहितीच्या अधिकारात मागा. आणि आपली गाडी अडली तर वाद घालू नका. कागद दाखवा आणि शांतपणे विचारा: साहेब, मोजले कशाने?

गरिबाच्या गाडीला डोळ्याचा अंदाज आणि खाणीच्या गाडीला डोळ्यावर पट्टी, असा दुजाभाव कायद्यात कुठेही लिहिलेला नाही. तो रस्त्यावर चालतो, कारण आपण काटा मागत नाही.