फायटरचे पोटभाडेकरू

घरात कुत्रा पाळावा तर घरमालक कपाळाला आठ्या घालतो, मांजर पाळावे तर दुधाच्या पातेल्यावर पहारा बसवावा लागतो, आणि पोपट पिंजऱ्यात ठेवणे तर आता कायद्यानेच बंद आहे. राहता राहिला मासा! तो भुंकत नाही, ओरबाडत नाही आणि शेजाऱ्यांशी भांडण लावून देत नाही. आमच्या पिढीला शोभेचे मासे पाहायचे म्हणजे मुंबईचे, १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय गाठावे लागे. आता लहान गावांतल्या दिवाणखान्यांतही काचेची पेटी दिसते, आणि जिथे जागा थोडी तिथे त्या पेटीत बहुधा 'फायटर' असतो.

माझी धाकटी बहीण वरवट बकालला असते. शेगावला श्रींचे दर्शन घेऊन संग्रामपूरच्या वाटेला लागले की हे गाव येते. तिच्या पाचवीतल्या चिरंजीवांनी उन्हाळ्याच्या सुटीत अकोल्याहून एक निळा फायटर आणला. जूनमध्ये थोरली मुलगी शिक्षणासाठी वसतिगृहात गेली, आणि तेव्हापासून पोराने एकच धोशा लावला आहे, "मामा, त्याला सोबत पाहिजे. तो एकटा आहे." आजीही नातवाच्याच बाजूच्या. "एकट्या जिवाले करमत असन का, बाप्पा?" असे त्या मला विचारतात. खाऊच्या पैशांचा डबा दिवाळीत फोडायचा, असा बेत ठरला आहे. तेव्हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. शिवाय मासा गेला तर डब्यापेक्षा मोठे काहीतरी फुटेल, हे बहिणीने मला फोनवर हळूच सांगून ठेवले आहे.

हा फायटर मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. भातखाचरांच्या उथळ, संथ पाण्यात राहणारा. तिकडे त्याला 'प्ला कात', म्हणजे चावरा मासा म्हणतात, आणि कोंबड्यांसारख्या त्याच्या झुंजी लावीत आले आहेत. १८४० च्या सुमारास सयामच्या राजाने असे काही मासे थिओडोर कँटर नावाच्या डॉक्टराला भेट दिले. १९१० साली टेट रेगन या शास्त्रज्ञाने त्याला 'बेटा स्प्लेन्डेन्स' हे नाव दिले आणि २०१९ साली थायलंड सरकारने राष्ट्रीय जलचराचा मान दिला. इतका मान मिळूनही स्वारीचा स्वभाव पालटलेला नाही. नर आपल्या हद्दीत दुसरा नर सहन करीत नाही. पेटीसमोर आरसा धरा, तो आपल्याच प्रतिबिंबावर गालफडे फुगवून धावून जातो. (हा खेळ पाहुण्यांना दाखवायचा असेल तर मिनिट-दोन मिनिटे पुरे, त्याला तो खेळ वाटत नाही.)

म्हणून "दुसरा फायटर आणू या" हा विचार पहिल्याच फेरीत बाद. मादी आणावी, तर लग्न लावून देऊन संसार थाटण्याची आपली कल्पना तिथे चालत नाही. अंडी घालून झाली की नरच तिला हुसकावून लावतो आणि बुडबुड्यांच्या घरट्याखाली एकटा पहारा करतो. पेटी लहान असेल तर मादीला पळायला जागाच उरत नाही.

मग चिरंजीवांनी गप्पी सुचवला. हा फुकटचा मासा! डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खात्याचे लोक हौदा-डबक्यांत गप्पी सोडतात, तेव्हा मुलांना तो सहज मिळतो. पण दुकानातल्या गप्पीच्या नराला जी झुलती, रंगीत शेपटी असते तीच त्याचा घात करते. फायटरला ती शेपटी दिसली की हा दुसरा फायटरच आला असे वाटते. डबक्यातल्या गप्पीची शेपटी आखूड, तेव्हा तो वाचेलही. पण त्याची पोरे इतक्या वेगाने होतात की महिन्या-दोन महिन्यांत पेटीत रेल्वेचा तिसरा वर्ग होतो. शिवाय डबक्यातला मासा सोबत कोणता रोग घेऊन येईल याचा भरवसा नाही.

गोल्डफिश तर नकोच. त्याला थंड पाणी मानवते, याला कोमट. तो मोठा होतो आणि घाणही भरपूर करतो. टायगर बार्ब चपळ आणि कुरतडा. तो फायटरच्या लांब परांच्या चिंध्या करील. गुरामी हा फायटरचाच भाऊबंद, आणि भाऊबंदकी आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको!

मग कुणाशीच पटत नाही का? पटते, पण जागा लागते. पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणावी आणि हजाराने भागावे, लिटर निघतात. भाच्याची पेटी ४५ बाय २३ बाय २३, म्हणजे वरच्या मोकळ्या जागेसह जेमतेम २४ लिटर. हीच पेटी ६० बाय ३० बाय ३०, म्हणजे ५४ लिटर असती, तर तळाशी फिरणारे सहा कोरीडोरास किंवा मधल्या पाण्यातले सहा-आठ हार्लेक्विन रासबोरा ठेवता आले असते. हे थव्याने राहणारे, सौम्य, आखूड परांचे मासे. फायटरच्या वाटेला जात नाहीत. तेही आधी सोडायचे आणि फायटर सर्वांत शेवटी, म्हणजे सगळे घर माझेच असे त्याला वाटत नाही. इतके करूनही एखादा फायटर कुणालाच टिकू देत नाही. तेव्हा एक रिकामी बरणी हाताशी ठेवावी.

वरवट बकालला आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. हा सगळा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. बोअरचे पाणी खारट. माणसांना जे पाणी पोटात घालवत नाही ते माशाला कसे मानवावे? नळाचे गोडे पाणी घ्यावे. त्यात क्लोरीन असते म्हणून उघड्या बादलीत एक-दोन दिवस ठेवावे आणि आठवड्याला पेटीतले चौथा हिस्सा पाणी बदलावे. दुसरी गोष्ट विजेची. फायटर वर येऊन हवा घेतो. त्याच्या डोक्यात त्यासाठी खास इंद्रिय असते. वीज गेली, फिल्टर थांबला, तरी तो तग धरतो. पण नुसत्या कल्ल्यांवर जगणारे रासबोरा दाटीवाटीच्या पेटीत लांबलेल्या भारनियमनात गुदमरू लागतात. सोबत आणली ती अशी एखाद्या रात्री मरायला नको.

मी हे सगळे फोनवर सांगितले तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग प्रश्न आला, "मामा, त्याला खरंच एकटं वाटत नाही?" मी म्हटले, "नाही रे. तो तसाच घडलेला आहे. तू नाहीस तसा." शनिवारी ताईला फोन लावायचे ठरले, आणि ते काम आजींनी आपल्याकडे घेतले.

डब्यातल्या पैशांचा हिशेब आम्ही पुढीलप्रमाणे केला. एक स्पंजचा संथ फिल्टर, कारण जोराचा प्रवाह या लांब परांना झेपत नाही. हिवाळ्यात पाणी २४ अंशांखाली जाऊ नये म्हणून एक छोटा हीटर. मासा उडी मारतो म्हणून पेटीला हवेची फट असलेले झाकण. थोडी पाणवनस्पती. आणि अगदीच सोबत हवी तर एक दुकानातली गोगलगाय, नाल्यातली नव्हे. तिलाही आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवायचे. फायटर तिच्या मिशा ओढू लागला तर तिची रवानगी त्या बरणीत.

दिवाळीपुरते एवढे सांभाळा. घराला रंग लावताना पेटी दुसऱ्या खोलीत न्या. झुरळांचा फवारा आणि डासांची अगरबत्ती त्या खोलीत नको. हा मासा आपल्यासारखीच वरची हवा ओढतो, आणि फवाऱ्यातले औषध माशांना फार थोडे पुरते. फटाक्यांच्या बाजूच्या खिडकीपासून पेटी लांब ठेवा, आणि रात्री तिच्यावरचा दिवा मालवा. आकाशकंदिलाचा उजेड त्याला पुष्कळ होतो.