दुचाकीस्वाराची पाठ

भंडारा जिल्ह्याचा कारभार आज कचेरीतील मेजांवर जितका चालतो त्याहून अधिक तो दुचाकीच्या सीटवर चालतो, हे विधान वस्तुस्थितीला धरूनच आहे. मध्यप्रांताच्या अमदानीत हिवाळा लागला की अधिकारी तंबू-सरंजाम घेऊन घोड्यावरून दौऱ्यास निघत आणि गावोगावी मुक्काम करून जमाबंदीचे दफ्तर तपासत. त्या दौऱ्याचा वारसा आता तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, विजेचा लाइनमन, विमा प्रतिनिधी, दूध गोळा करणारा गवळी आणि दूरच्या खेड्यातील शाळेत रोज जाऊन-येऊन शिकवणारा शिक्षक यांच्याकडे आला आहे. भंडारा रोड नावाचे रेल्वे स्टेशनदेखील शहरात नसून वरठीला आहे. तेव्हा ज्याला दिवसाकाठी दहा गावे पालथी घालायची आहेत, त्याला मोटारसायकलवाचून दुसरी गती नाही. असे असूनही या वर्गाच्या पाठीचा विचार ना वाहन बनवणाऱ्याने पुरेसा केला, ना वाहन विकणाऱ्याने, ना स्वतः त्या पाठीच्या धन्याने.

साकोली-लाखनीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53 सोडून आत वळले, की धानाच्या बांध्यांमधून आणि जुन्या मालगुजारी तलावांच्या पाळींवरून जाणारे रस्ते लागतात. वाळूचे ट्रक, तुमसरच्या तांदूळ गिरण्यांकडे जाणारे धानाचे ट्रॅक्टर आणि चिखला-डोंगरी बुजुर्गच्या खाणींतले मँगनीज वाहणारी अवजड वाहने ज्या जिल्ह्यात अहोरात्र धावतात, तेथे पावसाळ्यानंतर रस्त्याची जी अवस्था होते ती वाचकांना सांगावयास नको. खड्डा चुकवता चुकवता स्वार पुढे वाकतो, पोक काढतो, आणि त्याच अवस्थेत घटका-दोन घटका बसून राहतो. त्यातून तो शेतकरी असेल आणि आषाढात रोवणीच्या बांधीत दिवसभर वाकून आला असेल, तर घरी परतणारी ती कंबर आधीच थकलेली असते.

मनुष्याच्या कमरेच्या मणक्यांना निसर्गाने आत वळलेला एक बाक दिला आहे. उभे असताना तो बाक आपोआप टिकतो. बसले की कटी मागे झुकते, बाक सपाट होतो आणि मणक्यांमधल्या चकत्यांवरील भार विषम होतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्फ नाकेमसन या स्वीडिश अस्थिशल्यविशारदांनी जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून तेथील दाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हा टेक्याविना बसलेल्या माणसाच्या चकतीतील दाब उभ्या माणसाहून अधिक भरला, आणि पाठीमागे किंचित कललेला टेका देऊन कमरेच्या बाकाला आधार पुरवताच तो उतरला. बसलेल्या शरीराचे आणखी एक वर्म असे, की सेकंदाला सुमारे चार ते सहा वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना पाठीचा कणा विशेष जोराने प्रतिसाद देतो, आणि उखडलेल्या रस्त्यावरून जाताना सीटमधून वर येणारे हेलकावे बरेचसे याच टापूतले असतात. आयुर्वेद ज्याला गृध्रसी म्हणतो ती कमरेतून पायात उतरणारी कळ आपल्या फिरतीच्या लोकांत इतकी परिचित का, याचे निदान काही उत्तर येथे मिळते.

यावर उपाय म्हणून गाडीला टेका, म्हणजे बाजारातल्या भाषेत बॅकरेस्ट, लावण्याचा प्रघात अलीकडे वाढला आहे. मात्र जो मिळतो तो बहुधा मागे बसणाऱ्याचा. क्रूझर जातीच्या गाड्यांवर तो दिसायला रुबाबदार असतो म्हणून साध्या गाडीलाही तसाच बसवून घेतात, आणि ज्याची पाठ दुखते तो चालक पुढे निराधारच राहतो. याउलट आमच्या गवळ्यांनी आणि कापडाची गाठोडी घेऊन आठवडी बाजार करणाऱ्या फेरीवाल्यांनी कोणाचेही पुस्तक न वाचता हा प्रश्न सोडवला आहे: मागच्या रिकाम्या सीटवर गाठोडे किंवा ढेपेचे पोते असे आवळून बांधायचे, की ते बरोबर आपल्या कमरेला लागावे. भंडाऱ्याहून पवनीच्या वाटेवर मी अशी माणसे नेहमी पाहतो. त्यांची बसण्याची ढब ताठ, खांदे मोकळे आणि हात हँडलवर हलके असतात. टेका कोठे आणि किती लागावा याचा यापेक्षा चांगला वस्तुपाठ मला माहीत नाही.

तो टेका माकडहाडावर नसावा आणि खांद्याच्या पात्यांवरही नसावा. पट्ट्याच्या किंचित वर, जेथे कंबर आत वळते तेथे त्याच्या गादीचा मध्य यावा. परंतु टेक्याला हात घालण्यापूर्वी बाकीचा बंदोबस्त पुरा करावा लागतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मागच्या शॉकअपचा ताण स्वाराच्या आणि ओझ्याच्या वजनाप्रमाणे लावला आहे काय, चाकांतील हवा बरोबर आहे काय, हँडल इतके दूर तर नाही की हात ताठ करावे लागतात, हे आधी पाहावे. कारण खालून येणारा हादरा टेका अडवत नाही, तो शॉकअपनेच अडवायचा असतो, आणि बिघडलेल्या शॉकअपवर बसवलेला टेका उलट तो हादरा पाठीत नेऊन पोचवतो. यानंतर स्वाराने हेल्मेट घालून, थंडीचे दिवस असतील तर स्वेटर-जॅकेटसह, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून नेहमीच्या ढबीने बसावे, दुसऱ्याने गाडी धरावी, आणि तिसऱ्याने, म्हणजे मिस्तरीने, टेका पुढे सरकवत आणावा. कोपर किंचित वाकलेले असताना गादी पाठीला नुसती स्पर्श करील तेथे थांबावे. तिने पाठ पुढे ढकलली तर सगळा भार मनगटांवर येतो, आणि अंतर राहिले तर स्वार टेका गाठण्यासाठी मागे रेलतो व हँडलवरची पकड सैल पडते. यांपैकी दुसरा दोष अधिक भयंकर आहे, कारण गाडी चालवताना पाठ टेकवून विसावणे हा त्या वस्तूचा हेतूच नव्हे, पाठीने आपला बाक विसरू नये एवढेच तिचे काम आहे. उंची आणि अंतर ठरल्यावर मागचा कल द्यावा, तोही अगदी थोडा. एकदा बसवून भागत नाही: रोजच्या वाटेवर चालवून पाहावे, उतरताच बोल्ट तपासावेत, कारण कंपनाने ते ढिले होतात, आणि नवा फोम काही आठवड्यांत दबतो म्हणून एकवार पुन्हा जुळवून घ्यावे.

ज्याला मागे माणूस बसवायचा असतो त्याच्यासाठी चालकाचा टेका दुमडणारा किंवा काढता येणारा हवा, नाहीतर चढता-उतरताना पाय अडकतो. माझ्या मते सामान्य माणसासाठी त्याहूनही सोपा मार्ग सीट शिवणाऱ्याकडे आहे. फोम कापून चालकाच्या जागेमागे चार बोटांचा उंचवटा द्यावा आणि वर रेक्झिन चढवावे. कटी मागे सरकण्यास एवढ्याने प्रतिबंध होतो, खर्च अल्प येतो आणि गाडीच्या सांगाड्याला धक्का लागत नाही. सांगाडा कापून किंवा त्यावर वेल्डिंग करून टेका बसवू देण्याच्या मी सर्वस्वी विरुद्ध आहे.

आता मागे बसणाऱ्यांविषयी. आपल्याकडे वयस्क स्त्रिया अद्याप दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसतात, आणि तशा बसणाऱ्या बाईला मागचा टेका निरुपयोगीच नव्हे तर अडचणीचा होतो. तो तिच्या पाठीला न लागता कुशीला लागतो आणि तिला आणखी कडेला लोटतो. तिला हवी असते धरण्याची मजबूत कडी आणि पाय ठेवण्यास रुंद पट्टी. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 123 अन्वये मागे बसणाऱ्यासाठी कायम स्वरूपाची पकड, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असणे बंधनकारक आहे. टेक्याला जागा करण्यासाठी ही पकडच काढून टाकलेल्या गाड्या मी तुमसरच्या आणि साकोलीच्या रस्त्यांवर पाहिल्या आहेत. शोभेच्या गादीपायी म्हाताऱ्या आईच्या हातची कडी काढून घेणे हा अन्याय आहे, आणि तो नियमभंगही आहे. दोन्हीकडे पाय टाकून बसणाऱ्या मुलींना व पुरुषांना मात्र टेका खरोखर उपकारक ठरतो, विशेषतः चढावर आणि गाडी एकाएकी वेग घेते तेव्हा. त्यांच्यासाठी तो कमरेच्या उंचीला आणि कडी जागेवर ठेवूनच लावावा.

ज्यांच्या नोकरीत फिरती अनिवार्य आहे त्यांना त्यांच्या कार्यालयांनी प्रवासभत्ता देताना या बाबीचीही तजवीज करावी, अशी माझी मागणी आहे. खुर्चीवर बसणाऱ्या कारकुनाच्या खुर्चीची दुरुस्ती कार्यालयीन खर्चातून होते, मग गाडीच्या सीटवर बसून तेच सरकारी काम करणाऱ्याची का होऊ नये? ती मागणी मान्य होईल तेव्हा होवो. तूर्त वाचकांना एवढीच विनंती आहे, की पुढल्या खेपेस तेल बदलण्यासाठी गाडी गॅरेजवर न्याल तेव्हा ती तेथे टाकून चहाला जाऊ नका. हेल्मेट घालून सीटवर बसा, मिस्तरीला तुमच्या पाठीकडे पाहायला सांगा, आणि शॉकअपपासून सुरुवात करून जे जे बसवायचे ते तुम्ही बसलेले असतानाच बसवून घ्या.