बास्क स्त्रियांचे शिरोवस्त्र

संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्याच्या किनाऱ्यास उतरले. त्यांचा जन्म १५०६ साली नवार राज्यात, म्हणजे आजच्या स्पेनच्या उत्तर भागात झाला. आपली मायबोली बास्क आहे, असा उल्लेख त्यांनी भारतातून लिहिलेल्या एका पत्रात केला आहे. त्यांच्या काळी ह्या बास्क लोकांचा पोशाख कसा होता, हे जुन्या छापील चित्रांवरून आजही पाहावयास मिळते.

सोळाव्या शतकात युरोपात देशोदेशींच्या पोशाखांची चित्रपुस्तके निघू लागली. लाकडी ठशावर चित्र कोरावे, शाई लावावी व कागदावर उमटवावे, अशी ती रीत. १५६२ साली पॅरिसमध्ये व १५९० साली व्हेनिसमध्ये अशी पुस्तके निघाली. ह्या काळच्या चित्रांतील विवाहित बास्क स्त्रीने तागाचे लांब वस्त्र मस्तकाभोवती गुंडाळून त्याचे उंच, शिंगासारखे टोक केलेले असते. कुमारिकेचे केस मात्र बारीक कातरलेले असून चेहऱ्याभोवती चार बटा तेवढ्या राखलेल्या. आपल्याकडे गळ्यातील मण्यांवरून जे कळते, ते तिकडे मस्तकावरून कळे.

हे शिरोवस्त्र परक्यांच्या डोळ्यांत मात्र सलले. १६०९ साली फ्रान्सच्या राजाने पिएर द लांक्र नावाच्या न्यायाधीशास बास्क मुलुखात चेटकिणींचा शोध करण्यास पाठविले. लोकांची भाषा त्यास अवगत नव्हती. १६१२ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने स्त्रियांच्या ह्या पोशाखासही निर्लज्ज ठरविले. त्याच्या हुकमाने अनेकांना प्राणास मुकावे लागले. धर्माधिकाऱ्यांनीही ह्या शिरोवस्त्रास हरकत घेतली आणि पुढे ते प्रचारातून गेले.

चित्रकारही सारे प्रामाणिक नव्हते. कित्येकांनी तो मुलूख न पाहताच दुसऱ्याच्या चित्रावरून आपले चित्र उतरविले. परंतु क्रिस्टोफ वायडिट्झ हा जर्मन कलावंत १५२९ साली स्वतः स्पेनमध्ये गेला. त्याने रेखाटलेली बास्क स्त्रीपुरुषांची चित्रे १९२७ साली छापली गेली. त्यांत कुचेष्टा नाही, वस्त्राची घडी न् घडी निरखून काढलेली आहे.

न्यायाधीशाने दोष शोधला, चित्रकाराने माणूस पाहिला. मिस्सेला आलेल्या एखाद्या परगावच्या बहिणीचे लुगडे पाहून आपण कुजबुजू लागलो, तर ह्या दोघांपैकी आपण कोण, हे स्वतःस विचारावे.